चिरवळची श्वासगणना

भूकोठार मंडळाच्या मुख्य कचेरीत महाराष्ट्राचा जो मोठा नकाशा होता, त्यात गावं ठिपक्यांनी दाखवलेली नव्हती. ती भोकांनी दाखवलेली होती. सगळा नकाशा निळा, आणि जिथं जिथं माणसं राहतात तिथं एक पांढरं गोल भोक. निळं म्हणजे कामाची जागा, पांढरं म्हणजे वाया गेलेली. मंडळात नव्यानं लागलेल्या पोरांना पहिल्या दिवशी हे जरा विचित्र वाटायचं. महिनाभरात तीच पोरं डबा खाता खाता म्हणायची, "साताऱ्याच्या बाजूला फारच भोकं आहेत बुवा."

असा नकाशा का काढावा लागला, ते आधी सांगायला हवं. घाटावर पूर्वी धान्य साठवायला जमिनीत खोल खड्डा करायचे, त्याला पेव म्हणत. मंडळाची पेवं त्याच जातीची, फक्त धान्याऐवजी हवेची. हवेत साचलेला कार्बन डायऑक्साइड मोठमोठ्या यंत्रांनी शोषून घ्यायचा, दाबून दाबून पाण्यासारखा पातळ करायचा, आणि काळ्या पाषाणाच्या थरांखाली जो जुना सच्छिद्र खडक आहे त्यात नळानं सोडायचा. खडकाच्या बारीक छिद्रांत तो मुरून बसतो. वरचा काळा पाषाण झाकणाचं काम करतो. याला नाव पडलं वायुपेव.

आता, अशा पेवात मावणार किती? सुरुवातीच्या शास्त्रज्ञांनी पृथ्वीच्या पोटातली सगळी छिद्रं कागदावर मोजली आणि सांगून टाकलं की काळजी नको, पुढच्या कैक पिढ्यांची घाण सहज मावेल. झालं. जग निर्धास्त झालं. भट्ट्या विझवायची घाई कुणालाच उरली नाही. पुरायला जागा आहे म्हटल्यावर जाळायला कोण घाबरतो?

मग दुसऱ्या पिढीनं तोच हिशेब पुन्हा मांडला. जिथं भूकंपाच्या भेगा आहेत ती जागा वजा. जिथलं पाणी लोक पितात ती वजा. आणि सगळ्यात मोठी वजाबाकी माणसांची. हा वायू हवेपेक्षा जड. कुठं फट पडून वर आला तर सखल जागी पाण्यासारखा साचतो, आणि त्यात जो सापडतो तो झोपेतच गुदमरतो. म्हणून कायदा झाला की वस्तीच्या खाली आणि आजूबाजूला काही कोसांत पेव नको. त्या रिंगणाला वस्ती-वर्तुळ म्हणायचे; मध्ये खाडी किंवा नदी आडवी आली की ते तिथंच तोडायचे. नकाशातली पांढरी भोकं ती हीच. सगळी वजाबाकी करून जे उरलं ते बघून भल्याभल्यांचे चेहरे उतरले. जुन्या आकड्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही ते नव्हतं, आणि त्यातलं अर्धं तर आधीच भरून झालं होतं.

म्हणजे बघा, जमिनीत जागा किती हा प्रश्न खडकाचा राहिलाच नाही. तो वर माणसं किती असा झाला. एक गाव उठलं की पेव वाढायचं.

साहजिकच लोक खोटं बोलायला लागले. जमीन वाचवायची ती गावं मुंबईला गेलेल्या, मेलेल्या, सगळ्यांची नावं लावून वस्ती फुगवून दाखवायची. जागा हवी असलेले अधिकारी नांदत्या गावांना ओसाड ठरवायचे. या खोट्याला वैतागून मंडळातल्या एका हुशार बाईनं नवी पद्धत काढली, श्वासगणना. माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड उच्छ्वासातून सोडतो. सांजवेळी वारा पडला की तो गावावर तरंगत राहतो. आकाशातले उपग्रह तो मोजतात. चुलीचा धूर वेगळा ओळखू येतो, गुरांचा श्वास वेगळा ओळखू येतो, त्यामुळे टायर जाळून किंवा म्हशी बांधून फसवणूक करता येत नाही. लागोपाठ तीन सांजा कुठं श्वास सापडला नाही की ती जागा निर्मनुष्य. त्यानंतर एकदा शेवटची खातरजमा, आणि मग नळ सुरू. नियमात एक कलम खास होतं, की रहिवाशाचा, नातेवाइकाचा किंवा अधिकाऱ्याचा तोंडी शब्द कुठल्याही परिस्थितीत धरू नये. ते कलम त्या बाईनं आग्रहानं घालून घेतलं होतं.

त्या बाईचं नाव डॉ. केतकी मिराशी.

पौषातल्या एका सकाळी ती कचेरीत आली तेव्हा पेढे वाटणं चाललं होतं.

"घ्या मॅडम. कोकणात भोक बुजलं," एक पोरगा म्हणाला. "देवगडच्या वरच्या अंगाला. खाली कसला खडक आहे म्हणून सांगू, नुसता स्पंज. नाईकनवरे सर तर नाचायचेच बाकी राहिलेत."

केतकीनं पेढा हातात घेऊन नकाशाकडं पाहिलं आणि तिचा हात तसाच राहिला. खाडीच्या वळणाशी जिथं पांढरा गोल असायचा तिथं सलग निळं झालं होतं. तो गोल तिला झोपेतही दाखवता आला असता. तो चिरवळ होता. तिसरीपर्यंत ती तिथल्या शाळेत शिकली होती. तिचा सख्खा काका, काकी तिथं राहत होते.

"तीन सांजा?" तिनं विचारलं.

"तीन. एक श्वास नाही. आज सांजेला खातरजमा, उद्या दुपारी नळ."

तिनं बाबलकाकाला फोन लावला. बंद. सरपंचाला लावला, दुकानदाराला लावला, शाळेतल्या बाईंना लावला. सगळे बंद. आता तुम्हीच सांगा, अख्खं गाव तीन दिवस श्वास घेत नाही आणि एकही फोन वाजत नाही, याचा अर्थ माणसानं काय घ्यायचा? कुठल्या तरी जुन्या पेवाची गळती तिकडं सरकली असेल, खाडीकाठच्या खोलगटात साचली असेल, माणसं अंथरुणातच गेली असतील. हे तिला दिसायलाच लागलं. पेढा टेबलावर ठेवून ती तशीच गाडीत बसली आणि फोंडा घाट उतरून दुपार कलताना चिरवळात पोचली.

गावात कुत्रं भुंकलं नाही, कोंबडं फिरकलं नाही. गोठे रिकामे. दारं नुसती ओढून घेतलेली, एकालाही कुलूप नाही. केतकीनं काकाचं दार ढकललं. चूल सारवलेली, थंड. अंथरुणं घडी करून ठेवलेली. तिनं हाका मारल्या. मग शेजारच्या परबांच्या घरात गेली, मग मेस्त्र्यांच्या, मग पुढच्या. विहिरीत वाकून पाहिलं. शाळेच्या खोल्या पाहिल्या. घराघरात जाऊन माणसाचं मढं शोधायचं आणि ते सापडू नये म्हणून देवाला आळवायचं, असं तिचं चाललं होतं. शेवटी एकही दार उरलं नाही तेव्हा ती रवळनाथाच्या देवळासमोर मटकन बसली आणि रडली.

रडणं जरा ओसरल्यावर तिला वास आला. बांगड्याच्या तिखल्याचा, झणझणीत कालवणाचा. वारा खाडीपलीकडून येत होता. आणि त्या वाऱ्यावर कुणीतरी दशावतारातलं पद भसाड्या आवाजात म्हणत होतं.

ती खाडीवरच्या लाकडी साकवावरून पळत पलीकडं गेली. खाडीच्या त्या काठाला, दुसऱ्या गावच्या हद्दीत, झावळ्यांच्या झोपड्यांची रांग होती. गुरं खुंट्याला बांधलेली, कोंबड्या डालग्यात, बायका भांडी आवरत होत्या, पुरुष झोपड्या उसवत होते. अख्खं चिरवळ तिथं होतं, धडधाकट. बाबलकाका एका ओंडक्यावर बसून पान लावत होता. गावचा मुख्य मानकरी तो, देवापुढं गाऱ्हाणं घालायचा मान त्याचा.

"गो, केतक्या?" त्यानं डोळे बारीक केले. "तू खंयसून उगवलंस?"

केतकी त्याच्या गळ्यात पडली आणि मग स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. गावपळण. अरे देवा, गावपळण. चिरवळात दर काही वर्षांनी देवाचा कौल घेऊन सगळं गाव माणसागुरांसकट वेशीबाहेर जातं. तीन रात्री गावात कुणी थांबायचं नाही, दिवा लावायचा नाही, चूल पेटवायची नाही. तेवढे दिवस गाव देवाचं. मग पुन्हा कौल, आणि देवानं होय म्हटलं की गाव भरायचं. लहानपणी तिनं याच काठावर रात्ररात्र जागून धमाल केली होती. आणि मोठेपणी श्वासगणनेचे नियम लिहिताना, पुण्यातल्या त्या थंडगार खोलीत, तिला हे एकदाही आठवलं नाही. फोन तर या दिवसांत सगळेच बंद ठेवायचे, तीही रीतच पडून गेली होती.

"कधी परत जाणार तुम्ही?" तिनं विचारलं.

"आत्ता. सकाळी कौल झालो, देवान उजवो दिल्यान. दिवेलागणीक घरात."

केतकीच्या जीवात जीव आला. दिवेलागणीला गाव भरणार, आणि खातरजमाही त्याच वेळची. उपग्रह बघेल, गावभर श्वास सापडेल, भोक पुन्हा पांढरं होईल. तिला हसूच फुटलं. रडलेल्या डोळ्यांनीच ती हसत सुटली आणि भोवती जमलेल्या बायकांना सांगायला लागली, "मेल्यांनो, जीव घेतलात माझा. मला वाटलं सगळे गेलात. घराघरात जाऊन बघितलं मी, विहिरीतसुद्धा वाकून..."

बोलता बोलता ती थांबली, कारण कुणीच हसत नव्हतं. भांड्यांचा आवाज बंद झाला होता.

"तू गावातसून इलंस?" काकीनं हळूच विचारलं.

"घरात शिरलंस?" परबांच्या म्हातारीनं विचारलं. "आमच्या घरात?"

केतकीनं होकारार्थी मान हलवली. आता नाही म्हणायची सोयच राहिली नव्हती, सगळ्या गावासमोर ती बोलून बसली होती. बाबलकाकानं पान खाली ठेवलं. त्याचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला.

"कित्याक बोललंस गो बाये," तो म्हणाला. "माझ्या कानात सांगूचा होता."

पळणीत गावात माणूस शिरला की पळण मोडली. सकाळचा कौल फुकट गेला. आता देवाला पुन्हा विचारायचं, आणि त्यानं नाही म्हटलं तर आणखी एक रात्र बाहेर.

केतकीनं काकाला दंडाला धरून बाजूला नेलं. पेव म्हणजे काय, खातरजमा म्हणजे काय, उद्या दुपारी काय होणार, हे सगळं तिनं त्याला सांगितलं.

"म्हणजे आमच्या घराखाली तो वायू भरतले?"

"हो."

"आणि तो वर इलो तर?"

"बहुतेक येणार नाही, काका. झाकण चांगलं आहे. पण चिरवळात जुन्या बोअरवेल आहेत, सोडून दिलेल्या. फट कुठून पडेल सांगता येत नाही. म्हणून तर वस्तीखाली भरत नाहीत."

"मगे आमी वस्ती नाय?"

"तुम्ही आहात. पण तुम्ही तीन दिवस खाडीच्या ह्या बाजूला श्वास घेतलात. ह्या गावच्या वर्तुळात मोजले गेलात. त्या बाजूला कुणीच नाही, असं यंत्राचं म्हणणं आहे."

"तू बघतंस ना आमका? हयसर उभी रवान? तुझ्या सायबाक फोन कर आणि सांग की मिया बघितलंय. तुझा शिक्षण मगे कशाक?"

तिनं फोन केला. नाईकनवरे सर पेढ्याच्या आनंदात होते. ते वाईट माणूस नव्हते, हे सांगायलाच हवं. ऐकता ऐकता त्यांचा आवाज गंभीर झाला.

"केतकी, तुझा शब्द मी घेऊ कसा? तू नातेवाईक आहेस. आणि मंडळाची अधिकारीही आहेस. कलम तूच लिहिलंयस."

"मग तुम्ही या सर. स्वतः बघा."

"मी बघून उपयोग? मीही अधिकारीच. हे बघ, चिरवळची जागा धरून आज सकाळीच वाटप झालं. पुढच्या उन्हाळ्यात चंद्रपूरची थंडघरं त्या जागेवर चालणार आहेत." थंडघरं म्हणजे उन्हाच्या लाटेत लोकांनी आसऱ्याला जायची गार दालनं. ती वीज खात, ती वीज करताना वायू सुटे, आणि तो वायू पुरायला जागा असेल तरच त्यांना परवानगी मिळे. "मागच्या वर्षी तिथं ती बंद पडली तेव्हा किती माणसं गेली ते तुला माहीत आहे. तू मला सांग, त्यातलं कुठलं बंद करू? नाव सांग, मी लगेच करतो."

"सांजेला आत श्वास सापडला तर?" तिनं विचारलं.

"सापडला तर प्रश्नच मिटला. मग माझे हात बांधलेले. चंद्रपूरचं काय करायचं ते मी बघेन. पण यंत्राला सापडला पाहिजे."

तिनं फोन ठेवला आणि काकापुढं हात जोडले. "काका, कौल तूच लावतोस ना?"

काका वेशीवरच्या पाषाणाशी गेला. गाव मागोमाग गोळा झालं. त्यानं पाषाण धुतला, फुलाच्या ओल्या कळ्या उजव्या-डाव्या अंगाला चिकटवल्या, उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही, आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, आमच्याच लेकरान अजाणतेपणी वेस ओलांडल्यान. तेची चूक पोटात घाल. गाव घराक जावक बघता, उजवो दी." मागून सगळ्यांनी "होय म्हाराजा" म्हटलं. केतकीनंही म्हटलं. जिनं आयुष्यभर आकड्याशिवाय कशावर विश्वास ठेवला नाही, ती एका कळीकडं डोळे फाडून बघत उभी होती.

डावी कळी सुटली आणि खाली पडली.

बायका वळल्या आणि उसवलेल्या झावळ्या पुन्हा बांधायला लागल्या. काका जागचा हलला नाही. केतकी जवळ गेली तेव्हा तो फक्त तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "उजवी मी कोरड्या बोटान लावलेलंय. नुसती टेकवलंय. तीच पडूक होयी होती." देवाला फसवायचा प्रयत्न त्यानं जन्मात पहिल्यांदा केला होता, आणि तो जमला नव्हता.

केतकीनं मग लाजच सोडली. ती झोपडीझोपडीसमोर जाऊन विनवण्या करत सुटली. फक्त घटकाभर चला, सांज होईपर्यंत, मग परत या. पण चिरवळात तरणी माणसं मुळातच थोडी. बाकीची सगळी पिकली पानं, जन्मभर ह्या देवाच्या भरवशावर खाडीत होडी घातलेली. तो नको म्हणाला असताना ती कशी जाणार? परबांची म्हातारी म्हणाली, "बाये, उद्या मरतलंव ता मरतलंव. आज देवाक पाठ दाखवन घरात शिरूचा, आणि मगे थंय जगूचा कसा?" ते खोटंही नव्हतं. शेवटी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके लोक निघाले. मेस्त्र्यांचा मुलगा आणि त्याची बायको, शाळेतल्या बाई, आणखी एक-दोघं. त्यांची आई-बापं साकवाच्या तोंडाशी उभी राहून त्यांच्याकडं बघत होती.

काका आला नाही. मानकऱ्याला येणं शक्यच नव्हतं.

सूर्य खाडीच्या तोंडाशी टेकला तेव्हा ही मूठभर माणसं देवळासमोरच्या पटांगणात होती. केतकीच्या हातात मंडळाचं छोटं यंत्र होतं, उपग्रह काय बघतो ते त्यावर दिसायचं. पडद्यावर आकडा उमटला आणि खाली शब्द आले, "भटके. दुर्लक्ष करावे." हेही कलम तिचंच. वाटसरू, गुराखी, चोर, यांच्यामुळं रिकामी जागा वस्ती ठरू नये म्हणून एक किमान मर्यादा ठेवली होती. तिच्यापेक्षा कमी श्वास म्हणजे श्वासच नाही.

"आणखी लागतो," ती म्हणाली. "जास्त श्वास लागतो."

"जास्त कसो घेवचो?" मेस्त्र्यांच्या मुलानं विचारलं.

"पळा," केतकी म्हणाली.

आणि ती पळायला लागली. मग सगळीच पळायला लागली. शाळेतल्या बाई पन्नाशीच्या, त्यांनी पदर खोचला आणि पटांगणाला फेऱ्या घालू लागल्या. धापा टाकत, खोकत, एकमेकांना "सोडा, श्वास सोडा" म्हणत ती माणसं त्या रिकाम्या गावात गोल गोल पळत होती. कुणी बघितलं असतं तर वेडी म्हटलं असतं. केतकी पळता पळता पडदा बघत होती. आकडा वाढत होता. मर्यादेच्या जवळ जात होता. मेस्त्र्यांची सून पोट धरून खाली बसली, आकडा जरासा उतरला, मग पुन्हा चढला. शाळेतल्या बाईंना भोवळ आली तरी त्या थांबल्या नाहीत.

उपग्रह डोंगराआड गेला. पडदा स्थिर झाला. "खातरजमा पूर्ण. जागा निर्मनुष्य."

त्या रात्री चिरवळचं कुणी केतकीला एका शब्दानंही बोललं नाही. काकीनं तिच्या पुढ्यात जेवणाचं पान ठेवलं, तिनं हात लावला नाही तेव्हा भरवायला घेतलं. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सड्यावर, म्हणजे खडकाळ माळावर, आधीच बसवून ठेवलेला नळ सुरू झाला. गावापासून तो बराच लांब, पण जमिनीतून बारीक घरघर येत होती, अनवाणी पायांना कळण्याइतकी. त्याच सुमारास पाषाणावरची उजवी कळी पडली. देवानं होय म्हटलं.

केतकीनं पुन्हा सगळं समजावून सांगितलं. खाली वायू भरतायत, आता तिथं राहणं बेकायदा आहे, धोक्याचंही आहे. लोकांनी मान डोलावली आणि गाठोडी उचलली. जाणार कुठं? ह्या काठाची जमीन त्यांची नव्हती. ढोल वाजवत, गुरं हाकत, गाव साकव ओलांडून घरी निघालं. पुढं बाबलकाका. पाठोपाठ केतकी.

दिवेलागणीला घराघरातून दिवे लागले, चुली पेटल्या. काकाच्या ओट्यावर बसलेल्या केतकीच्या हातातलं यंत्र थरथरलं. तिनं पडद्यावर पाहिलं आणि क्षणभर तिच्या मनात आशा आली, कारण चिरवळावर श्वास दिसत होता, भरपूर, मर्यादेच्या कितीतरी वर. मग तिनं खालचे शब्द वाचले.

"गळती."

तिला समजायला वेळ लागला नाही. पेव सुरू झाल्यावर त्या जागेवर श्वासगणना होत नाही. निर्मनुष्य ठरवलेल्या जागेत माणसाचा श्वास शोधायचा कशाला? तिथं फक्त गळती मोजतात. जमिनीवर जो काही कार्बन डायऑक्साइड सापडेल तो पेवातून निसटला असं धरायचं. हे कलम तिनं लिहिलेलं नव्हतं, पण वाचून त्याखाली सही केली होती. शेजारी परबांची म्हातारी नातवंडांना घेऊन घरात शिरली, आणि पडद्यावरची गळती किंचित वाढली.

नाईकनवऱ्यांचा फोन आला. "केतकी, तू तिथंच आहेस ना? बरं झालं. पहिल्याच दिवशी गळती दाखवतंय. अशी गळती राहिली तर पेव रद्द होतं, आणि चंद्रपूर गेलं. कुठून येतेय?"

"घराघरातून, सर."

त्यांना कळलं होतं. केतकीला वाटलं आता ते काहीतरी माणसासारखं बोलतील.

"यंत्राला घर दिसत नाही, केतकी," ते म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला होता. "गळती बंद करायला उद्या पथक निघेल. त्यांना जो हुकूम असतो तो तुला ठाऊक आहे. वायू जिथून येतो ती जागा सिमेंट ओतून बुजवायची. त्याआधी तुझ्यानं होत असेल तर तूच बंद कर."

तिनं फोन मांडीवर ठेवला. काका दारातून बाहेर आला, तिनं त्याला पथकाचं सांगितलं, आणि तो तिच्या शेजारी टेकून पडद्याकडं बघू लागला. त्याला अक्षरं वाचता येत होती, आकडा कळत होता.

"ह्या आमचा?" त्यानं विचारलं.

"हो काका."

"आणि ह्या कमी झाला तर ते येवचे नाय?"

काकानं ओठ मिटले. तो पडद्याकडं बघत राहिला आणि थोड्या वेळानं तिच्या लक्षात आलं की त्याची छाती हलत नाहीये. म्हाताऱ्यानं श्वास रोखून धरला होता. मानेवरची शीर टरारली, डोळ्यांत पाणी आलं, तरी तो आकड्यावरची नजर काढेना. दारात काकी उभी होती, तिनंही तोंडाला पदर लावून श्वास धरला होता.

"काका, सोड," केतकी त्याचा खांदा हलवत म्हणाली. "सोड रे. असं नसतं ते."

काकानं श्वास सोडला, धाप लागली, दोन-तीनदा खोकला. आकडा होता तिथंच होता. त्यानं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि लहान मुलानं विचारावं तशा आवाजात विचारलं,

"सगळ्यांनीच जरा कमी कमी घेतलो तर? चलात?"